कोड बदललेला नसतानाही रात्रीचे बिल्ड कसे चालवावे

कोडची एक ओळही बदललेली नसताना रोज रात्री बिल्ड (कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर आपोआप बांधून तपासणे) कशाला, असे टीममध्ये कुणी ना कुणी विचारतेच. आपण कोडला हात लावत नसलो तरी तो ज्यावर उभा असतो ते बदलत राहते: बेस इमेजची (ज्या तयार पायावर सॉफ्टवेअर बांधले जाते त्याची) नवी आवृत्ती येते, एखादे पॅकेज रजिस्ट्रीतून, म्हणजे पॅकेजांच्या ऑनलाइन भांडारातून, काढले जाते, प्रमाणपत्राची मुदत संपते. हे बिघाड तातडीच्या रिलीजच्या दिवशी उघडकीस आले तर सगळ्यांचीच धावपळ होते. पुढील कृती अझूर पाइपलाइन्स या मायक्रोसॉफ्टच्या बिल्ड चालवणाऱ्या सेवेसाठी आहे.

पाइपलाइनच्या यॅमल फाइलमध्ये (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या सेटिंग फाइलमध्ये) ‘शेड्यूल्स’ विभाग लिहून त्यात क्रॉनची वेळ (ठरावीक वार-वेळ लिहिण्याची पद्धत) आणि कोडची ब्रँच (शाखा) द्यावी. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे धरली जाते, म्हणून सोमवार ते शुक्रवार भारतीय वेळेनुसार पहाटे २ वाजता बिल्ड हवे असेल, तर रविवार ते गुरुवार २०:३० असे लिहावे.

खरी मेख पुढे आहे. शेवटच्या यशस्वी शेड्यूल्ड बिल्डनंतर कोड बदललेला नसेल, तर अझूर ठरलेल्या वेळी बिल्ड सुरूच करत नाही, कारण ‘ऑलवेज’ या पर्यायाचे मूळ मूल्य ‘फॉल्स’ असते. ते त्याच शेड्यूलखाली स्पष्टपणे ‘ट्रू’ करावे. मी ते केले नव्हते. बिल्डच्या यादीत सर्वांत वर यशाची हिरवी खूण दिसत होती आणि तेवढ्यावर मी निर्धास्त होतो. तिच्याशेजारची तारीख १९ दिवसांपूर्वीची आहे, हे बिल्ड मोडल्यावरच माझ्या लक्षात आले. त्यामुळे खुणेआधी तारीख वाचावी, असे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला बजावतो.

यावर उपाय म्हणून रोज रात्री स्क्रिप्टने रिकामा कमिट (काहीच बदल नसलेली कोडच्या इतिहासातली नोंद) ढकलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपा करून ऐकू नये. सहा महिन्यांनी एखादी चूक नेमकी कधी शिरली हे शोधताना, अशा शेकडो निरर्थक कमिटांतून वाट काढणे जिवावर येते, आणि हे सारे एका ओळीच्या सेटिंगने टळणारे असते.

‘ऑलवेज’ ‘ट्रू’ केल्यावरही शेड्यूल हलले नाही, तर पाइपलाइनच्या वेब सेटिंग्जमध्ये कुणी जुने शेड्यूल ठेवले आहे का ते पाहावे. तिथले शेड्यूल यॅमलमधल्या शेड्यूलवर मात करते, त्यामुळे ते काढून टाकावे.

स्वतःच्या सर्व्हरवरील एजंट (बिल्ड प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल, तर रात्रीच्या बिल्डपुरता डॉकर या इमेज बांधणाऱ्या साधनाचा कॅशे (आधीच्या बिल्डमधून साठवलेले भाग) बंद ठेवावा आणि बेस इमेज नव्याने ओढण्यास सांगावे. डॉकरफाइलमधली (इमेज कशी बांधायची हे सांगणाऱ्या फाइलमधली) सूचना बदललेली नसली की डॉकर साठवलेला जुनाच थर वापरतो. अशा वेळी बिल्ड दोन मिनिटांत हिरवे होते खरे, पण बाहेर काय बदलले याची तपासणी झालेलीच नसते.

शेवटी पाइपलाइनच्या मेन्यूतील ‘शेड्यूल्ड रन्स’ उघडावे. तिथे पुढील वेळा आपल्या संगणकाच्या घड्याळाप्रमाणे दिसतात, त्यामुळे यूटीसीचा हिशेब चुकला असेल तर तो तिथेच सापडतो.