अरबी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी खिडकीवरचा स्टाफ कसा तयार करायचा

मी नागपूरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात विदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहते. दोन वर्षांपूर्वी येमेनचा एक मुलगा आमच्या खिडकीवरून तीनदा परत गेला, कारण पासपोर्टवर चार नावं, फॉर्मवर तीन आणि सिस्टिममध्ये दोनच, आणि प्रत्येक वेळी त्याला फक्त "नाव मॅच होत नाही" एवढंच सांगितलं गेलं. कोणी मुद्दाम त्रास दिला नव्हता, स्टाफला कोणी कधी काही सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी दरवर्षी अॅडमिशनच्या आधी ट्रेनिंग घेते, ते कसं घेते ते इथं लिहिते.

आधी बोलवायचं कोणाला ते ठरवा. प्राध्यापक नंतर. पहिल्या बॅचला अॅडमिशनचे क्लार्क, अकाउंटवाले, हॉस्टेलचे वॉर्डन, लायब्ररीतले, गेटवरचे सिक्युरिटीवाले भाऊ आणि मेसच्या ताई पाहिजेत, कारण बॅगा घेऊन आलेलं पोरगं पहिल्यांदा ह्यांच्यापुढे उभं राहते, डीन साहेबांपुढे नाही. दीड तास बास होतो. ट्रेनिंग मराठीतच घ्या, इंग्रजी पीपीटी लावली की अर्धी माणसं तोंड उघडत नाहीत.

सुरुवात नावापासून करा. अरबी नाव बहुतेक वेळा असं चालतं: स्वतःचं, बापाचं, आजोबांचं आणि शेवटी घराण्याचं. मी फळ्यावर आधी आपलं नाव लिहायला लावते, स्वतःचं, वडलांचं, आडनाव, मग सगळ्यांच्या लक्षात येतं की अरे हे तर आपल्यासारखंच आहे, फक्त एक पिढी जास्त. फरक असा की लग्नानंतर बाई सहसा नाव बदलत नाही, त्यामुळे नवरा-बायकोची आडनावं वेगळी दिसली म्हणून कागद अडवू नका. अब्दुल रहमान हे एक नाव आहे, अर्थ रहमानचा सेवक, त्याला नुसतं "अब्दुल" म्हणणं म्हणजे रामदासला "ए दास" म्हणण्यासारखं. मोहम्मदचं इंग्रजी स्पेलिंग तर चार-पाच तऱ्हेनं लिहितात, म्हणून नियम एकच ठेवा, पासपोर्टवर जसं आहे अक्षर न् अक्षर तसंच सगळीकडे, आणि हे पहिल्याच दिवशी करा, मार्कशीट छापून आल्यावर दुरुस्ती करायला किती चकरा होतात ते आपल्याला माहीतच आहे.

मग मी एक खेळ घेते, त्यात सगळे खुलतात. आपल्या ऑफिसातले रोजचे शब्द लिहायला सांगते: अर्ज, तारीख, मुदत, हिशेब, हजर, इमारत, रक्कम, मुलाखत. हे सगळे मुळात अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेले. तारीख आणि हिशेब तर ते पोरगं ऐकून लगेच ओळखते, आणि "खलास" म्हटलं की हसतेच. पण अर्थ सरकलेले असतात हेही सांगा, त्यांच्याकडे रक्कम म्हणजे नंबर आणि गरीब म्हणजे परका माणूस, तेव्हा शब्द ओळखीचा वाटला तरी अर्थ एकदा विचारून घ्यायचा. हे कळल्यावर खिडकीवरच्या माणसाची भीती निम्मी कमी होते, हे मी डोळ्यानं पाहिलं आहे.

अरबी म्हणजे एकच भाषा, हा समज पण इथंच काढून टाका. पुस्तकातली, बातम्यांतली अरबी वेगळी आणि घरातली वेगळी. सुदानचा मुलगा आणि इराकचा मुलगा घरी जे बोलतात त्यात खूप फरक, आणि मोरोक्कोची बोली तर बाकीच्यांना चांगलीच जड जाते. आपण वऱ्हाडीत "काहून करून राह्यला बे" म्हणतो आणि कागदावर "आपण असे का करीत आहात" लिहितो, तसंच समजा. मोबाईलमधलं ट्रान्सलेशन ती पुस्तकी अरबी देते, म्हणून वाक्य छोटं आणि सरळ टाका, एका वाक्यात एकच गोष्ट. आणि सीनियर विद्यार्थ्याला दुभाषा म्हणून बोलावणं ठीक आहे, पण फीची अडचण, आजार किंवा तक्रार असेल तर आधी त्याला किंवा तिला विचारा की ह्याच्यासमोर बोललेलं चालेल का, कारण छोट्या ग्रुपमध्ये गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळीकडे जाते.

उच्चारात "प" अरबीत नाही, त्यामुळे पेपरचं "बेबर" ऐकू आलं तर पुन्हा पुन्हा विचारून त्याला लाजवू नका. आकड्यांचं मात्र नीट शिकवा. इजिप्त, सुदान, इराककडच्या आकड्यांत पाच हा गोल असतो, अगदी आपल्या ० सारखा, आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब, सहा इंग्रजी सातासारखा दिसतो. हातानं लिहिलेला फोन नंबर ह्याच्यामुळे चुकतो, घरच्यांचा इमर्जन्सी नंबर चुकला तर काय होईल विचार करा. नंबर तोंडानं म्हणवून घ्या.

मार्कशीटवर "मुमताज", "जय्यिद जिद्दन", "जय्यिद", "मकबूल" असे शेरे असतात, म्हणजे उत्कृष्ट, फार चांगला, चांगला आणि पास. "मकबूल" म्हणजे नापास नाही, नापासला "रासिब" म्हणतात. सालाच्या जागी १४४० वगैरे दिसलं तर ते हिजरी साल आहे, २०१८-१९ च्या आसपासचं. ह्या शेऱ्यांचा आणि सालाचा तक्ता करून, प्रिंट काढून खिडकीच्या आत चिकटवा.

कागदपत्रांत दोन मुदती सगळ्यांना पाठ पाहिजेत. १८० दिवसांपेक्षा जास्तीच्या स्टुडंट व्हिसावर आलेल्यानं पोचल्यापासून १४ दिवसांत विदेशी नोंदणी ऑफिसकडे नोंदणी करायची, आणि तो हॉस्टेलला राहायला आला की २४ तासांत हॉस्टेलनं त्याच ऑफिसला ऑनलाइन कळवायचं. दुसरी जबाबदारी आपली आहे, विद्यार्थ्याची नाही, आणि वॉर्डन सुटीवर असेल तर कोण करणार ते नावानिशी ठरवून ठेवा.

शुक्रवारी दुपारी एक ते दोन कोणाला ऑफिसात बोलावू नका, नमाजची वेळ असते. सगळेच मुसलमान असतात असं पण नाही, इजिप्तचे कॉप्टिक ख्रिश्चन, इराकचे ख्रिश्चन असतात, म्हणून गृहीत धरायचं नाही, विचारायचं. तिकडे बऱ्याच देशांत सुटी शुक्रवार-शनिवार आणि आठवडा रविवारी सुरू, त्यामुळे सुरुवातीला पोरं रविवारी येऊन बंद खिडकीपुढे उभी राहतात, आधीच सांगा. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो. २०१८-१९ ला तो आपल्या मे महिन्याच्या उन्हात होता, २०२६ ला फेब्रुवारीत. मेसच्या ताईंना पहाटेचं जेवण आणि संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळचं ताट ठेवायला सांगा, आणि पहिले पंधरा दिवस तिखट थोडं कमी, सावजीची सवय नसलेल्या पोटाला वेळ द्या. बाहेरचं हलाल जेवण हवं असेल तर नागपुरातल्या मोमिनपुरा वस्तीचा रस्ता एखाद्या सीनियरनं दाखवला की झालं.

हात पुढे करू नका, नमस्कार करा, काही मुली परपुरुषाशी हात मिळवत नाहीत आणि आपला नमस्कार सगळ्यांना चालतो. कोणी बोटं जुळवून वर धरली तर तो "जरा थांबा" म्हणतो आहे. भुवया उचलून जिभेनं च्क केलं तर बऱ्याच ठिकाणी ते "नाही" असतं. आपण मान डोलावतो त्याचा अर्थ त्यांना कळत नाही, म्हणून तोंडानं हो किंवा नाही म्हणा.

आता ज्यासाठी मी शेवटची वीस मिनिटं राखून ठेवते ते. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध आहे, येमेनमध्ये त्याच्याही कितीतरी आधीपासून. घरून पैसे अडकतात, शिकलेली युनिव्हर्सिटीच बंद पडलेली असते, ओरिजिनल सर्टिफिकेट आणायला कोणी उरलेलं नसते. अशा वेळी "शुक्रवारपर्यंत आणा नाही तर नाव कमी होईल" हे वाक्य खिडकीवरून जाता कामा नये. स्टाफला स्पष्ट सांगा की असा विद्यार्थी आला की त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि फाइल घेऊन त्याच्यासोबत कोणाकडे जायचं, त्या माणसाचं नाव आणि टेबल नंबर लिहून द्या. हप्त्यानं फी भरायचा अर्ज तयार छापून ठेवा. पासपोर्ट संपायच्या आठ-नऊ महिने आधी आपणच आठवण करायची, कारण दूतावास दिल्लीला आहेत आणि देशात लढाई असली की नवीन पासपोर्टला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही.

महिन्याभरानं त्याच स्टाफला पुन्हा अर्धा तास बसवा, ह्या वेळी दोन-तीन सीनियर विद्यार्थ्यांना सोबत घेऊन. आमच्याकडे तो येमेनचा मुलगाच आता येतो, नावाचा तक्ता फळ्यावर तोच काढतो.