समाजवाद वरून की खालून? अभ्यास करताना या चुका टाळा

समाजवादी विचारात दोन प्रवाह अगदी सुरुवातीपासून आहेत. एक म्हणतो, समाज बदलायचं काम जाणकारांचं, शिस्तबद्ध पक्षाचं किंवा चांगल्या सरकारचं. लोकांनी साथ द्यावी. दुसऱ्याची भूमिका १८६४ साली स्थापन झालेल्या पहिल्या इंटरनॅशनलच्या (देशोदेशीच्या कामगारांच्या संघटनेच्या) नियमांत सुरुवातीलाच येते: कामगारवर्गाची मुक्ती कामगारवर्गानेच मिळवायची असते. गोव्यातल्या एखाद्या कॉलेजच्या अभ्यासमंडळात किंवा युनियनच्या शिबिरात हा विषय निघाला, की चर्चा ठराविक जागीच अडते. त्या जागा आणि त्यांवरचे उपाय इथे देत आहोत.

मवाळ-जहाल आणि वरून-खालून यांची सरमिसळ

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. जहाल तो लोकांचा, मवाळ तो वरच्यांचा, असं गृहीत धरलं जातं आणि मग पुढची सगळी मांडणी चुकते. फ्रेंच क्रांतिकारक ब्लांकी घ्या. मे १८३९मध्ये त्याच्या गुप्त संघटनेच्या काहीशे लोकांनी पॅरिसमध्ये शस्त्रं घेऊन उठाव केला. ज्यांच्यासाठी उठाव होता त्या कामगारांना आधी काही विचारलेलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. ते जागचे हलले नाहीत आणि उठाव लगेच चिरडला गेला. कृती टोकाची जहाल, पण पद्धत पूर्णपणे वरून.

आता सिडनी आणि बिआट्रिस वेब. १८८४ साली स्थापन झालेल्या फेबियन सोसायटीचं हे जोडपं, हळूहळू सुधारणा करत जाण्यावर भर देणारं. तरीही स्टालिनच्या रशियावर त्यांनी मोठा कौतुकाचा ग्रंथ लिहिला. १९३५च्या आवृत्तीत शीर्षकातल्या ‘नवी संस्कृती’ या शब्दांपुढे प्रश्नचिन्ह होतं. १९३७च्या आवृत्तीत तेही काढून टाकलं. मवाळ माणसांना स्टालिन कसा आवडला, हे कोडं वाटतं ते आपण चुकीच्या रेषेवर मोजतो म्हणून. तज्ज्ञांनी योजना आखायची आणि प्रशासनाने ती राबवायची, हे वेबना लंडनमध्ये हवं होतं. मॉस्कोत त्यांना तेच मोठ्या प्रमाणावर चाललेलं दिसलं.

उपाय सोपा आहे. फळ्यावर दोन रेषा काढा: आडवी सुधारणेकडून क्रांतीकडे, उभी वरून खाली. प्रत्येक नाव दोन्ही रेषांवर मोजून ठेवा. ब्लांकी वरच्या क्रांतीच्या कप्प्यात जाईल, वेब वरच्या सुधारणेच्या. जर्मनीतली क्रांतिकारक रोझा लुक्झेम्बुर्ग खालून क्रांतीकडे जाईल. चौथा कप्पा, म्हणजे खालून सुधारणा, बहुतेक मंडळांत रिकामाच राहतो. तिथे १८४४ची इंग्लंडमधल्या रॉचडेलची सहकारी संस्था बसते, जिथे भांडवल कितीही असो, सभासदाला मत एकच. गोव्यातलं नाव हवं असेल तर सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध उभे राहिलेले रापणकार, म्हणजे पारंपरिक मच्छीमार, इथेच येतील.

माणसाला कायमची पाटी लावणे

‘लेनिन वरचा, लुक्झेम्बुर्ग खालची’ एवढ्यावर थांबू नका. समाजवादी जाणीव कामगारांपर्यंत बाहेरून न्यावी लागते, हे लेनिनने १९०२मध्ये मांडलं, तेही जर्मन समाजवादी विचारवंत काउट्स्कीचा आधार देऊन. लुक्झेम्बुर्गने १९०४मध्ये त्याच्या केंद्रवादावर, म्हणजे सगळी सूत्रं पक्षाच्या केंद्राकडे ठेवण्यावर, सडकून टीका केली: खऱ्या चळवळीने केलेल्या चुका या सर्वांत हुशार मध्यवर्ती समितीच्या अचूकपणापेक्षा जास्त मोलाच्या असतात, असा तिचा मुद्दा होता. पण १९०५मध्ये रशिया पेटल्यावर तोच लेनिन पक्षाची दारं कामगारांना सताड उघडा म्हणत होता, आणि मार्च १९२१मध्ये त्याच्याच सरकारने क्रोनश्टाटच्या नाविक तळावरच्या नाविकांचा उठाव मोडून काढला. त्याच महिन्यात पक्षातल्या गटांवरही बंदी आली. म्हणून फळ्यावर ‘लेनिन’ असं लिहूच नका. ‘लेनिन १९०२’, ‘लेनिन १९०५’, ‘लेनिन १९२१’ अशा तीन नोंदी करा. हे केलं की निम्मे वाद आपोआप मिटतात आणि खरा प्रश्न समोर येतो: सत्ता हातात आल्यावर बदललं ते काय?

गावचं ते तळागाळातलं, असं समजणे

गोव्यात ही चूक हमखास होते, कारण आपल्याकडे गांवकारी आहे. पोर्तुगीज येण्याआधीपासून जमीन सामूहिक, निर्णय गावात, उत्पन्नाचा वाटा गांवकारांत. ऐकताना ‘खालून समाजवाद’ वाटतो खरा. पण कोमुनिदादीत, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या याच गांवकारीत, मत कोणाला होतं? मूळ गांवकारांच्या पुरुष वंशजांना. मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारे), शेतात राबणारे कुणबी, घरातल्या बायका यांना नव्हतं. सामूहिक मालकी आणि तळातल्या माणसाचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

तपासायच्या कसोट्या १८७१च्या पॅरिस कम्यूनने (शहरातल्या कामगारांच्या अल्पकाळच्या सरकारने) घालून दिल्या आहेत: प्रतिनिधी निवडलेले, मुदतीआधी परत बोलावता येतील असे, आणि अधिकाऱ्यांचा पगार वर्षाला जास्तीत जास्त ६००० फ्रँक. आम्ही त्यांत आणखी दोन प्रश्न घालतो: विषयपत्रिका कोण ठरवतं, आणि हिशेब कोणाच्या हातात असतो?

हे पाचही प्रश्न एखाद्या खाजन शेतीच्या (खाऱ्या पाण्यालगत बांध घालून राखलेल्या शेतीच्या) कूळसंघाला लावून पाहा. कागदोपत्री तो खालूनच उभा आहे. सभासद शेतकरी, समिती निवडलेली, आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या मासळीच्या, लिलावातून येणारा पैसा बांधाच्या दुरुस्तीसाठी. आता बारकाईने पाहा. लिलावाची रक्कम सभेत वाचून दाखवली जाते का? मानस कधी उघडायची, खारं पाणी किती आत घ्यायचं, हे भात लावणारा ठरवतो की मासळीसाठी लिलाव घेणारा? लिलाव घेणाऱ्याला पाणी जास्त हवं असतं. भात लावणाऱ्याच्या शेतात मीठ उतरलं की पीक हातचं जातं. समिती वर्षानुवर्षं तीच असेल आणि वही एकाच घरात असेल, तर निवडणूक होऊनही निर्णय वरूनच होतो. मंडळातल्या प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या एका संस्थेवर हा सराव करावा. पंचायत, सहकारी सोसायटी, युनियन, काहीही चालेल. एका पानात पाच उत्तरं, आणि प्रत्येक उत्तराला आधार म्हणून ठराव, वही किंवा नियम. ‘असं ऐकलंय’ हा आधार धरू नये.

नेताच नको, म्हणजे प्रश्न सुटला

सुटत नाही. रशियन अराजकवादी बाकुनिन राज्यसंस्थेचा कट्टर विरोधक, पण स्वतः गुप्त मंडळं बांधत राहिला आणि अदृश्य हुकूमशाहीची भाषा बोलला. पद नसलेल्या नेत्याला काढता येत नाही, हीच खरी अडचण. पद ठेवा, मुदत ठेवा, परत बोलावण्याचा नियम लिहून ठेवा.

कायदा वरून आला म्हणून त्याला परका मानणे

कूळ कायदा १९६४चा, मुंडकार कायदा १९७५चा. दोन्ही सरकारने केले. म्हणून ते ‘वरचे’ ठरवून बाजूला सारणं सोपं आहे, पण त्यातून मिळालेलं संरक्षण खरं आहे आणि भाटकाराच्या मर्जीवर राहणाऱ्या घरासाठी ते फार मोठं होतं. प्रश्न पुढे सुरू होतो. नोंदणीचा अर्ज मामलेदाराकडे, पुरावे गोळा करायचे मुंडकाराने, तारखाही त्यानेच धरायच्या. एकट्याने लढलं तर वर्षं जातात. वाड्यातल्या लोकांनी मिळून अर्ज केले, साक्षी दिल्या, तर तोच कायदा खालून वापरला जातो. समाजवादी नेते राममनोहर लोहियांच्या चौखंबा राज्याची कल्पना इथे उपयोगी पडते: गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे चार खांब, कलेक्टरचं पद रद्द, आणि सरकारी खर्चाचा चौथा हिस्सा थेट खालच्या पंचायतींमार्फत. पैसा आणि अंमलबजावणी कुठे आहे ते पाहा, हा त्यातला धडा आजही लागू पडतो.

१८ जून एकाच माणसाचा करणे

पोर्तुगीज राजवटीत मडगावला १८ जून १९४६ला काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे: सभाबंदी, कॅप्टन मिरांडाने रोखलेलं पिस्तूल, लोहियांनी बाजूला सारलेला त्याचा हात. हे चित्र इतकं ठळक आहे की बाकीचं दिसेनासं होतं. लोहिया असोळण्याला डॉ. जुलियाव मिनेझिस यांच्या घरी विश्रांतीसाठी आले होते. नागरी स्वातंत्र्याच्या गळचेपीची तक्रार घेऊन त्यांना भेटायला आले ते गोमंतकीय. बंदी असूनही मैदानात आलेही तेच, आणि पुढे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य, पुरुषोत्तम काकोडकर यांच्यासारख्यांना पोर्तुगालला हद्दपारी भोगावी लागली. त्याच वर्षी लोंढ्याला नॅशनल काँग्रेस (गोवा) ही संघटनाही उभी राहिली. दुसऱ्या टोकाला जाऊन लोहियांचं महत्त्व पुसणंही तितकंच चुकीचं. बाहेरच्या माणसाने ठिणगी दिली म्हणून चळवळ वरची होत नाही. तो गेल्यावर सभा कोण बोलावतं, यावर ते ठरतं. मंडळात हे वाचताना दोन कागद घ्या. एकावर १८ जूनपर्यंतच्या घटना लिहा, दुसऱ्यावर नंतरच्या. प्रत्येक घटनेसमोर निर्णय कोणी घेतला त्याचं नाव लिहा. नाव सापडत नसेल तर जागा मोकळी ठेवा आणि पुढच्या बैठकीआधी जुनी वर्तमानपत्रं व स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी चाळून ती भरा.