बटण दाबलं तरी उडी लागत नव्हती: माझा अनुभव

गोडो ४ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला गेम करत होते. पडक्या वाड्याच्या भिंतींवरून उड्या मारत जाणारी मांजर, बस एवढंच. धावणं, नाणी गोळा करणं पटापट जमलं. अडलं ते उडीपाशी. भाचा खेळायला बसला की मांजर भिंतीच्या टोकावरून हमखास खाली पडायची आणि तो म्हणायचा, "अगं मावशी, मी बटण दाबलं होतं!"

त्याचं म्हणणं खरं निघालं. पाय जमिनीवर आहेत का, हे गोडोचं 'इज ऑन फ्लोअर' फंक्शन सांगतं. बटण दाबल्याच्या क्षणी ते काय सांगतं, ते आउटपुटमध्ये छापून पाहिलं. 'फॉल्स', म्हणजे नाही! गोडोचं फिजिक्स, म्हणजे हालचालींचं गणित, मुळात सेकंदाला ६० टप्प्यांत चालतं. मांजरीचे पाय कडेवरून सुटून दोन-तीन टप्पे उलटले की बटण पोचायचं. डोळ्यांना मात्र ती अजून भिंतीवरच दिसते.

यावरचा उपाय म्हणजे 'कोयोटी टाइम', पाय सुटल्यावरही उडीसाठी दिलेली क्षणभराची सवलत. पाय जमिनीवर असेपर्यंत एक व्हेरिएबल ०.१ सेकंदावर ठेवायचं. सुटले की दर टप्प्याला त्यातून डेल्टा (मागच्या टप्प्यापासून गेलेला वेळ) वजा करायचा आणि ते शून्याच्या वर आहे तोवर उडी मान्य करायची. उडी घेतली की ते लगेच शून्य करा, नाहीतर हवेत दुसरी उडी मिळते.

जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दाबलेलं बटणही असंच ०.१ सेकंद लक्षात ठेवलं. माझ्या मते नवख्याने चित्रं-आवाजाच्या मागे लागण्याआधी हे करावं. गेम आपलं ऐकतो, असं खेळणाऱ्याला वाटणं फार मोलाचं आहे. सध्या भिंतींमधली अंतरं पुन्हा ठरवतेय, कारण काही उड्या आता फारच सोप्या झाल्यात.