रोझहिप तेल घेताना
रानगुलाबाच्या बियांचं तेल, म्हणजे बाजारातलं 'रोझहिप ऑइल', हे पाकळ्यांचं अत्तर नव्हे. फूल गळल्यावर धरणाऱ्या लाल फळातल्या बियांपासून ते काढतात. त्यामुळे बाटली उघडताच गुलाबाचा घमघमाट आला, तर वरून सुगंध घातलाय असं समजा. घाण्याच्या पद्धतीने, उष्णता न देता काढलेलं तेल सोनेरी-नारिंगी असतं, वास किंचित मातकट.

रात्री तोंड धुऊन चेहरा ओलसर असतानाच दोन-तीन थेंब तळहातावर पसरून हलके दाबून लावा. कोरड्या, ओढल्यासारख्या वाटणाऱ्या त्वचेला ते छान मानवतं. आधी मात्र कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा.

यात लिनोलेइक आणि लिनोलेनिक ही हवेने लवकर बिघडणारी स्निग्धाम्लं (तेलातले घटक) भरपूर, म्हणूनच ते लवकर खवट होतं. छोटी, गडद काचेची बाटली घ्या, फ्रिजमध्ये ठेवा. खवट वास आला की सरळ टाकून द्या.

'व्हिटॅमिन सी'च्या जाहिरातीला भुलू नका. ते फळाच्या गरात असतं, पाण्यात विरघळतं, तेलात उतरत नाही. सुक्या फळांचा चहा केलात तर दुहेरी फडक्यातून गाळा, कारण बियांभोवतीची बारीक कुसं घशाला टोचतात.