कुंडीतल्या गवती चहाचा आइस टी : आदल्या संध्याकाळपासूनची तयारी

उद्या दुपारी चारला आठ माणसांना आइस टी द्यायचा असेल, तर आज संध्याकाळीच कामाला लागा. पाहुणे दारात आल्यावर गरम चहा गाळून त्यावर बर्फ टाकला, तर बर्फ क्षणात विरघळतो आणि हातात येतं ते कोमट, पाणचट पाणी.

आधी बर्फ. ट्रेमध्ये साध्या पाण्याऐवजी हलका, बिनसाखरेचा चहा गार करून भरा आणि प्रत्येक खणात पुदिन्याचं एकेक पान सोडा. हा बर्फ पेल्यात वितळला तरी चव पातळ होत नाही. दोन ट्रे तरी लागतील, त्यामुळे फ्रीजरमध्ये जागा आत्ताच करून ठेवा.

मग पाक. गार चहात साखर नीट विरघळत नाही, तळाशी बसून राहते. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळून एक उकळी आली की गॅस बंद. तार येऊ द्यायची नाही. गरम असतानाच त्यात आल्याचे चार-पाच पातळ काप टाका आणि गार झाल्यावर काढून घ्या. बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवलेला हा पाक आठवडाभर सहज टिकतो, उरला तर लिंबू सरबताला कामी येतो.

घरात चहा कोणता आहे, तेही आजच पाहा. रोजची दाणेदार सीटीसी पावडर दूध घालून उकळायलाच योग्य. बिनदुधाचा गार चहा तिने तुरट होतो. लांब पानाचा चहा आणा. माझं मत निलगिरीच्या बाजूने, कारण तो गार झाल्यावरही बऱ्यापैकी नितळ राहतो. दार्जिलिंगही छान होतो, पण महाग पडतो. सीटीसीशिवाय काहीच नसेल तर प्रमाण निम्मं करा आणि दोन मिनिटांत गाळा.

आता पानं, म्हणजे या चहाचा खरा जीव. ती उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत काढायची. गवती चहाची पात कात्रीने कापा, ओढू नका. तिची कड इतकी धारदार असते की बोट सहज चिरतं. ठोंबापासून चार बोटं वर कापलीत तर तिथूनच नवी पात फुटते. बाहेरची, थोडी जून पात घ्या. आठ-दहा पाती पुरतात. वाहत्या पाण्याखाली मुळाकडून टोकाकडे हात फिरवत धुवा, कारण पातीच्या बेचक्यात धूळ अडकलेली असते. नंतर दोन-दोन पाती एकत्र पिळून गाठ मारा. गाठ मारताना पात चुरडते, घरभर लिंबासारखा वास सुटतो, आणि गाळायच्या वेळी गाठ चिमट्याने उचलून काढता येते. रोप नव्याने आणणार असाल तर नर्सरीत पान चोळून वास घेतल्याशिवाय घेऊ नका. दिसायला तसंच असलेलं सिट्रोनेला गवत डासांसाठी लावतात, पिण्यासाठी नाही.

पुदिन्याचे कोवळे शेंडे खुडा, मूठभर. एप्रिल-मेच्या उन्हात पुदिना दुपारी माना टाकतो, म्हणून त्याची कुंडी अर्ध्या सावलीत असावी, आणि वेगळीच असावी. तो धावते फुटवे टाकून शेजारच्या रोपाची जागा बळकावतो. तुळशीची सात-आठ पानं बास, जास्त झाली की चहा काढ्याकडे झुकतो. वृंदावनातल्या पूजेच्या तुळशीची पानं चहाला घेणं अनेक घरांत चालत नाही. तेव्हा चहासाठी एक कुंडी निराळी ठेवा. कोणत्याही रोपावर अलीकडे कीटकनाशक मारलेलं असेल तर त्याची पानं यात घालायचीच नाहीत.

सकाळी नऊच्या सुमारास स्टीलच्या पातेल्यात पाऊण लिटर पाणी उकळा. गॅस बंद करून गवती चहाच्या गाठी आणि तुळस टाका, झाकण लावा, दहा मिनिटं मुरू द्या. झाकण विसरू नका. ज्या तेलामुळे हा वास येतो ते वाफेबरोबर उडून जातं. गाठी काढा, पाणी पुन्हा उकळीला आणा, गॅस बंद करून चार चमचे चहा घाला आणि घड्याळ लावून चार मिनिटांनी गाळा. पुदिना यात नाही. गरम पाण्यात तो काळवंडतो आणि त्याला शिजलेल्या भाजीचा वास येतो. चहा पूर्ण गार झाल्यावर पानं तळहातावर हलकेच टाळी देऊन घालायची.

गाळलेल्या अर्कात पाऊण लिटर उकळून गार केलेलं पाणी मिसळा आणि पातेलं ओट्यावरच निवू द्या. दाट, गरम चहा थेट फ्रीजमध्ये गेला तर त्यातले टॅनिन आणि कॅफिन एकमेकांना धरतात आणि चहा गढूळ होतो. बिघडलेला नसतो, थोडं उकळतं पाणी घातलं की पुन्हा निवळतो. गार झाला की काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा.

लहान मुलं येणार असतील तर चहा न घालता नुसत्या गवती चहा-पुदिन्याची वेगळी बरणी करा, आणि मधुमेह असलेल्यांसाठी पाक मुळात चहात मिसळूच नका. तो शेजारी ठेवा, ज्याचं त्याने घालावं. पेल्याला दोन-तीन चमचे बेताचे होतात. साडेतीनला दोन चमचे सब्जा वाटीभर पाण्यात भिजत घाला, पंधरा-वीस मिनिटांत फुगतो. लिंबं तीन लागतील. रस पेल्यातच पिळा. लिंबू पडताच चहाचा तांबूस रंग खुलून सोनेरी होतो, आणि हे पाहुण्यांसमोर व्हावं असं मला वाटतं.

पेल्यात आधी सब्जा, मग पाक, मग बर्फ, शेवटी चहा. उरलेला चहा फ्रीजमध्येच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. चहाचा चोथा धुऊन कुंडीतल्या मातीत मिसळा. गवती चहाच्या गाठी मात्र कापून टाका, अख्ख्या लवकर कुजत नाहीत.