ग्लुकोज सेन्सरचा आलेख दातेरी येतोय? आधी हे करून पाहा

रात्री अडीचला दंडावर चिकटवलेल्या, साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म वाजतो: साखर ५४. बोट टोचून पाहावं तर ग्लुकोमीटर १०८ दाखवतो. कूस बदलली की थोड्या वेळात आलेख आपसूक वर येतो. घडलेलं एवढंच, की सेन्सर लावलेला दंड अंगाखाली दबला होता.

बहुतेक सेन्सर रक्त तपासतच नाहीत. त्वचेखालच्या द्रवातल्या साखरेवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर काम करतं आणि त्यातून निघणारा वीजप्रवाह मोजला जातो. तो नॅनोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या अब्जांश भागांत असतो. त्यामुळे आतली बारीक तार जरा हलली तरी आकडे उड्या मारतात.

१. जागा निवडा. कंपनीने सांगितलेल्या भागातच लावा, पण ज्या कुशीवर झोपता ती बाजू सोडा. व्रण, गाठी आणि मागच्या वेळची जागाही टाळा.

२. त्वचा स्वच्छ करा. साबणाने धुवा, स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. घाई नेमकी इथेच होते. तेल किंवा क्रीम राहिलं तर चिकटपट्टी सैल पडते आणि सेन्सर डुलायला लागतो. कड सुटली तर वरून जादा पट्टी लावा.

३. पहिला दिवस सोडून द्या. टोचल्याजागी सूज असते, आकडे बहकतात. तेवढ्यावरून सेन्सर बाद ठरवू नका.

४. कॅलिब्रेशनची, म्हणजे बोट टोचून आलेला आकडा भरून सेन्सर जुळवून घेण्याची सोय असेल, तर ते साखर स्थिर असतानाच करा. सगळ्यात जास्त घोळ माणूस स्वतःच्या हाताने घालतो तो इथे. जेवणानंतर साखर चढत असते तेव्हा द्रवातला आकडा रक्ताच्या साधारण ५ ते १५ मिनिटं मागे असतो. तेव्हा बोटाचा आकडा भरला, तर बरोबर चालणारा सेन्सरही बिघडवून ठेवाल. टोचण्याआधी हात धुवा. फळ सोललेल्या बोटावरची साखरही मोजली जाते.

५. औषधं तपासा. काही मॉडेलमध्ये पॅरासिटामॉल, काहींत जास्त मात्रेतलं क जीवनसत्त्व आकडा फुगवतं. सोबतच्या पत्रकात ते दिलेलं असतं. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र परस्पर बंद करू नका.

घाम, थरथर अशी लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर निर्णय बोट टोचूनच घ्या.

आलेख दातेरी नसून मध्येच तुटत असेल, तर तो दोष बहुधा सेन्सरचे आकडे फोनला पोचवणाऱ्या ब्लूटूथचा. शरीरातलं पाणी त्या लहरी अडवतं, म्हणून फोन सेन्सरच्याच बाजूच्या खिशात ठेवा.