१९०७ चं बॅयोनेट घेताय? आधी हे बघा

ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलचं १९०७ पॅटर्नचं बॅयोनेट (संगीन) जुन्या बाजारात कोणी दाखवलं की लगेच पैसे काढू नका, आधी मुठीजवळ पात्याचा सपाट भाग उजेडात तिरका धरून बघा. एका बाजूला मुकुट, राजाच्या नावाची अक्षरं (बहुतेकांवर जीआर), १९०७ आणि खाली महिना-साल असतं, आता १९०७ म्हणजे पॅटर्नचं (डिझाइनचं) साल हां, बनवल्याचं नाही, इथेच निम्मे लोक फसतात (मीपण फसलोय). दुसऱ्या बाजूला ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण आणि पातं वाकवून तपासल्याची फुली. ओरिजिनलवर शिक्के ठोकलेले असतात, थोडे वाकडे, खोलीला कमीजास्त. डुप्लिकेटवर सगळं एकसारखं, लेझरने कोरल्यासारखं.

पातं १७ इंची, पण बंगालमधल्या इशापूर कारखान्याची बरीचशी नंतर कापून १२ इंची केलेली, त्यामुळे आखूड दिसलं म्हणून लगेच नकली म्हणू नका. मुठीजवळच्या आडव्या पट्टीला खाली हुकासारखा वळलेला आकडा असेल तर मात्र डबल चेक करा, तो १९१३ मध्ये बंद झाला, म्हणून भाव जास्त आणि म्हणून वेल्डिंग करून चिकटवणारेही जास्त.

घासून चकचकीत अजिबात करू नका, नुसतं तेलाचं बोट फिरवा. आणि बॅयोनेट शस्त्र कायद्यात येतं, घ्यायच्या आधी पोलीस स्टेशनला विचारा.